तंबाखूच्या तंतूची लांबी
(नभोवाणीवरील भाषण)



आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपल्यापैकीं कित्येकांस नवल वाटेल. एका निवृत्त शाळामास्तरानें तंबाखूवर बोलावें, आणि तेंहि तिच्या गुणदोषांवर न बोलतां तिच्या कापाच्या लांबीवर बोलावें, हें थोडें विचित्र खरें. म्हणून प्रथमच सांगून टाकतों कीं, मी स्वतः विडी वा सिगारेट ओढीत नाहीं, आणि कोणीं ओढावी असेंहि सुचवीत नाहीं. परंतु मोजमापाचा धडा मीं मुलांना आयुष्यभर शिकविला, आणि त्या धड्यांतील एका प्रश्नाचें उत्तर मला पुष्कळ वर्षें देतां आलें नव्हतें. तें उत्तर आज देण्याचा विचार आहे.

प्रश्न मुळांत माझा नव्हे, एका विद्यार्थ्याचा. सिन्नर तालुक्यांतील एका शाळेंत मी असतांना चौथीच्या वर्गांत लांबीचा पाठ चालला होता. पेन्सिल मोजून झाली, पाटी मोजून झाली, फळाहि मोजून झाला. तेवढ्यांत मागच्या रांगेंतील एका मुलानें सदऱ्याच्या खिशांतून चिमूटभर जर्दा काढला, पाटीवर पसरला आणि विचारलें, "गुरुजी, ह्याची लांबी किती?" त्याची आई घरीं विड्या वळीत असे. वर्ग हंसला, आणि मींहि तो प्रश्न हंसण्यावारी नेला. पण घरीं गेल्यावर ध्यानांत आलें कीं, मुलाचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्यापाशीं उत्तर नव्हतें. एका वस्तूची लांबी सांगतां येते; परंतु हजारों लहानमोठ्या तुकड्यांच्या ढिगाची लांबी म्हणजे काय?

पुढें निवृत्त होऊन मी एकलहऱ्यास राहावयास आलों. नाशिकरोडपासून जवळच असलेलें हें गांव औष्णिक विद्युत्केंद्रामुळें सर्वांच्या परिचयाचें आहे. १९७० च्या सुमारास येथें वीज निघूं लागली आणि १९७९ ते १९८१ या काळांत २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. तेथें नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यानें एकदां मला सांगितलें कीं, भट्टींत फुंकण्यापूर्वीं कोळसा पिठासारखा दळतात, आणि दळण नीट झालें कीं नाहीं हें चाळणीनें ठरवितात. ७५ मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरचे शंभर भाग केल्यास त्यांतील साडेसात भागांएवढ्या भोंकांच्या चाळणींतून शेंकडा ७० च्या आसपास भुकटी खालीं पडली, कीं दळण पसंत. एकेक कण कोणी मोजीत बसत नाहीं. ढिगाचें माप ढिगानेंच घ्यावयाचें असतें. त्या मुलाच्या प्रश्नाचें अर्धें उत्तर मला त्या दिवशीं मिळालें. उरलेलें अर्धें सिगारेटच्या कारखान्यांत सांपडतें.

तंबाखू ही मूळची अमेरिका खंडांतली वनस्पति. पोर्तुगीज लोकांबरोबर ती आपल्याकडे आली. १६०४-०५ च्या सुमारास असद बेग नांवाच्या मोगल दरबारच्या वकिलानें ती विजापुराहून अकबर बादशहाच्या भेटीस नेली. म्हणजे उत्तरेस तंबाखू पोंचली ती दक्षिणेंतून. पुढें निपाणीच्या काळ्या जमिनींत विडीची तंबाखू रुजली, आमच्या सिन्नरला विडीचा धंदा वाढला, आणि मुंबईस विलेपार्ले येथें १९३० सालीं स्थापन झालेल्या गोल्डन टोबॅको कंपनीनें सिगारेटचा कारखाना चालविला. विडी आणि सिगारेट या दोन्हींत तंबाखूच असली, तरी तिचें रूप निराळें. विडींत तंबाखूचे बारीक पापुद्रे व चुरा असतो, तर सिगारेटींत शेवेसारखे कापलेले तंतु असतात. आजचा प्रश्न या तंतूंचा आहे.

हे तंतु कसे तयार होतात तें आधीं पाहूं. वाळलेलें पान अतिशय ठिसूळ असतें. हातांत चुरगाळलें तर त्याचा भुगा होतो. म्हणून प्रथम वाफेनें व पाण्यानें त्यास नरम करतात. मग मधली जाड शीर वेगळी काढतात. पानाचा उरलेला पातळ भाग शेंकडा २० च्या आसपास ओलावा राखून यंत्रांत दाबला जातो, आणि फिरत्या सुऱ्या त्या दाबलेल्या थराचे काप पाडतात. एका इंचांत साधारणपणें तीस ते चाळीस काप बसतात. अर्थात् प्रत्येक तंतूची रुंदी मिलिमीटरहून थोडी कमी भरते. त्यानंतर तंबाखू पुन्हां वाळवून ओलावा शेंकडा १३ ते १४ पर्यंत उतरवितात.

आतां येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घ्यावी. तंतूची रुंदी सुरीच्या हातीं असते. लांबी मात्र कोणाच्याच हातीं नसते. सुरीखालीं पानाचा जेवढा तुकडा आला, तेवढा लांब तंतु निघणार. मोठा तुकडा आला तर लांब, फाटका आला तर आंखूड. शिवाय कापल्यानंतरहि त्याचे हाल संपत नाहींत. वाळवितांना, नळींतून हवेच्या झोतानें नेतांना, सिगारेट वळणाऱ्या यंत्राच्या दांतेरी रुळांवरून जातांना तो पुनःपुन्हां मोडतो. घरीं शेवयांची परात एका खोलींतून दुसऱ्या खोलींत नेली, तरी तळाशीं चुरा सांठतो, हें गृहिणींस सांगावयास नको.

पण लांबीचें एवढें महत्त्व कां? सिगारेट म्हणजे कागदाच्या नळींत भरलेला तंबाखूचा दांडा. ८४ मिलिमीटर लांबीच्या सिगारेटींतून तोंडाकडची गाळणी वजा केली, तर सुमारें ६० मिलिमीटरांचा दांडा उरतो, आणि त्यांतील तंबाखू पाऊण ग्रॅमहूनहि कमी असते. एवढ्याशा वजनानें ती नळी घट्ट भरलेली लागली पाहिजे. लांब, कुरळे तंतु एकमेकांत गुंततात आणि आपल्यामध्यें हवा धरून ठेवतात. उशींत पिंजलेला कापूस थोडाच घातला तरी ती फुगते. तोच कापूस न पिंजतां घातला तर दुप्पट लागतो. तसेंच हें आहे. तंतु आंखूड झाले, भुगा वाढला, कीं तेवढीच नळी भरावयास अधिक तंबाखू लागते, आणि कारखानदाराचा तोटा होतो. दुसरें असें कीं, आंखूड तुकड्यांस टोंकाशीं धरून ठेवणारें कांहीं नसतें. ते पाकिटांत गळतात, आणि जळता निखाराहि सुटून पडण्याचा संभव असतो. तिसरें, भुग्यानें दांडा गच्च होतो आणि त्यांतून धूर ओढणें जड जातें.

तर मग सर्व तंतु लांबच लांब असावेत काय? तेंहि नाहीं. फार लांब तंतूंचे गुंतवळे होतात. एका सिगारेटींत एके ठिकाणीं गांठ आणि शेजारींच पोकळी, असा प्रकार होतो. १८८१ सालीं अमेरिकेंत जेम्स बोनसॅक यास ज्या यंत्राचें पेटंट मिळालें, तें मिनिटास सुमारें २०० सिगारेटी वळीत असे. आजचीं वेगवान यंत्रें मिनिटास दहा हजारांहून अधिक वळतात. अशा वेगांत हातानें गांठ सोडविण्यास कोणास सवड? म्हणून फार लांब नकोत, फार आंखूड नकोत, आणि लांबआंखूडाचें प्रमाण रोज तेंच असावें, असें कारखान्यास वाटतें. हें प्रमाण राखावयाचें तर तें मोजलें पाहिजे.

मोजण्याचा पहिला मार्ग फूटपट्टीचा. चिमट्यानें एकेक तंतु उचलावा, सरळ करावा आणि मोजावा. एका चिमटींत शेंकडों तुकडे असतात, आणि वाळका तंतु सरळ करतांनाच मोडतो. म्हणजे मोजणारा स्वतःच माप बिघडवितो. म्हणून हा मार्ग थोड्या नमुन्यापुरता ठीक.

दुसरा मार्ग चाळण्यांचा, आणि तोच अधिक रूढ आहे. मोठ्या भोंकांची चाळणी वर, तिच्याखालीं क्रमानें बारीक भोंकांच्या, आणि सर्वांत खालीं थाळी, अशी उतरंड रचतात. ठराविक वजनाची तंबाखू वर टाकून ती उतरंड यंत्रानें ठराविक वेळ हालवितात. मग प्रत्येक चाळणीवर काय राहिलें त्याचें वजन करतात. समजा, १०० ग्रॅम तंबाखू घेतली आणि पहिल्या चाळणीवर ४२, दुसरीवर ३६, तिसरीवर १५, चवथीवर ५ आणि थाळींत २ ग्रॅम सांपडली. हे आंकडे केवळ समजुतीसाठीं घेतले आहेत. आतां तीच तंबाखू सिगारेट वळणाऱ्या यंत्रांतून गेल्यावर कागद सोडवून पुन्हां चाळली आणि ३०, ३८, २१, ८ व ३ असे आंकडे आले, तर वरच्या चाळणीवरील १२ ग्रॅम तंतु त्या यंत्रांत मोडले हें उघड झालें. अशा रीतीनें प्रत्येक टप्प्याच्या आधीं आणि नंतर नमुना घेतला, कीं चोर कोणत्या खोलींत आहे तें कळतें.

येथें माझ्यांतला मास्तर जागा होतो आणि चार सूचना देतो. पहिली सूचना नमुन्याची. ढीग हालला कीं भुगा तळाशीं जातो आणि लांब तंतु वर राहतात. वरून मूठ उचलली तर माल उत्तम, तळाची उचलली तर निकृष्ट. म्हणून ढीग पसरून त्याचे चार भाग करावे, समोरासमोरचे दोन घ्यावे, ते एकत्र करून पुन्हां चार भाग करावे, आणि असें करीत करीत हवा तेवढा नमुना उरवावा. धान्याच्या बाजारांतहि पारखी माणूस पोत्याच्या तोंडचे दाणे पाहून भाव करीत नाहीं, तें याच कारणानें.

दुसरी सूचना ओलाव्याची. तीच तंबाखू मुंबईच्या पावसाळ्यांत नरम असते आणि आमच्या नाशिककडच्या वैशाखांत कुरकुरीत होते. कुरकुरीत तंबाखू चाळणींतच मोडेल, आणि आपण म्हणूं कीं तंतु मुळांतच आंखूड होते. हवेचा हा खोडसाळपणा ओळखून जागतिक प्रमाणसंस्थेनें तंबाखूच्या चांचण्यांसाठीं हवाच ठरवून टाकली आहे. नमुना २२ अंश सेल्सिअस उष्णतामान आणि शेंकडा ६० सापेक्ष आर्द्रता असलेल्या खोलींत निदान ४८ तास ठेवावा, असा तिचा दंडक आहे.

तिसरी सूचना अशी कीं, चाळणी खरोखर लांबी मोजीत नाहीं. वीस मिलिमीटर लांबीचा पण पाऊण मिलिमीटर रुंदीचा तंतु उभा राहिला तर दोन मिलिमीटरच्या भोंकांतून सुळकन् निसटतो. आडवा पडला तर वर राहतो. म्हणून चाळणी कशी हालते, किती वेळ हालते, तंबाखू किती घातली, हें सर्व ठरलेलें असावें लागतें. हे नियम पाळले तर कालच्या मापाशीं आजचें माप ताडून पाहतां येतें. न पाळले तर दोन्ही आंकडे निरर्थक होत.

चवथी सूचना सरासरीची. समजा, एका चिमटींत ३० मिलिमीटरचे १० तंतु आहेत आणि २ मिलिमीटरचे ९० तुकडे आहेत. संख्येनें पाहिलें तर शेंकडा ९० माल आंखूड. परंतु लांब तंतूंची एकूण लांबी ३०० मिलिमीटर आणि आंखूड तुकड्यांची १८० मिलिमीटर. रुंदी व जाडी सारखीच धरली, तर वजनानें शेंकडा ६२.५ माल लांब! दोन्ही विधानें खरीं. विकणारा वजनाचें सांगेल, घेणारा संख्येचें सांगेल, आणि दोघेहि एकमेकांस खोटें म्हणतील. म्हणून कोणी "शेंकडा इतकें" असें म्हटलें, कीं "कशाचे शेंकडा?" हा प्रश्न विचारावयाची संवय प्रत्येक मुलास लागली पाहिजे.

अलीकडे तिसरा मार्ग निघाला आहे, तो छायाचित्राचा. तंतु एकमेकांपासून सोडवून कांचेवर पसरतात, त्यांचें चित्र घेतात, आणि संगणक प्रत्येक तंतूची वांकडीतिकडी रेषा धरून तिची लांबी काढतो. यानें खरी लांबी मिळते, चाळणीचा दोष टळतो. मात्र एक तंतु दुसऱ्यावर पडला, तर यंत्रास त्या दोहोंचा एक भासण्याचा धोका असतो. म्हणून पसरण्याचें काम काळजीनें करावें लागतें. शिवाय तंतु शेवटीं नीट भरले गेले कीं नाहीं हें पाहण्यासाठीं आणखी दोन परीक्षा असतात. एकींत नळकांड्यांत तंबाखू घालून वर ठराविक वजनाचा दट्ट्या ठेवतात आणि ती किती दबते तें पाहतात. दुसरींत तयार सिगारेटी फिरत्या पिंजऱ्यांत घालून टोंकांतून किती तंबाखू गळते तिचें वजन करतात.

आपल्या प्रांतास हा विचार नवा नाहीं. मुंबईस माटुंगा येथें १९२४ सालीं कापसाच्या परीक्षेसाठीं प्रयोगशाळा निघाली, आणि कापसाच्या धाग्याची लांबी बोटांच्या अंदाजावर न सोडतां उपकरणांनीं ठरूं लागली. त्या आधीं शेतकऱ्याचा कापूस लांब धाग्याचा कीं आंखूड, हें व्यापाऱ्याच्या चिमटीवर अवलंबून असे.

हेंच मला आज मुख्यतः सांगावयाचें आहे. सिगारेटच्या कारखान्यांत मिलिमीटरचा भाग मोजला जातो, कारण तेथें यंत्र अडतें. पण जेथें माणूस अडतो, तेथें काय? निपाणीच्या शेतकऱ्याची तंबाखू व्यापारी डोळ्यांनीं पाही, हातानें चुरी, नाकानें हुंगी आणि भाव सांगे. १९८१ सालीं तंबाखूच्या भावासाठीं शरद जोशी यांच्या नेतृत्वाखालीं निपाणीस शेतकऱ्यांनीं रस्ता अडवून धरला. एप्रिल महिन्यांत गोळीबार झाला आणि त्यांत शेतकरी प्राणांस मुकले. भावाचा तंटा केवळ मापानें मिटला असता असें मी म्हणत नाहीं. परंतु मालाची प्रत एकाच पक्षाच्या बोटांनीं ठरावी, आणि दुसऱ्यानें ती निमूटपणें मानावी, हें दुःखाचें एक मूळ खासच होय.

आणि आमच्या सिन्नरकडील विडी वळणाऱ्या बायका? टेंभुर्णीचें पान भिजवावें, पत्र्याचें माप ठेवून कात्रीनें कापावें, जर्दा पसरावा, वळावें, तोंड दुमडावें, दोरा बांधावा. असें दिवसभर शेंकडों वेळां. संध्याकाळीं माल द्यावयास गेल्यावर तपासनीस कांहीं विड्या बाजूस सारतो. त्यांस छाट म्हणतात. ही बारीक, ती सैल, हिचें तोंड उघडें. माझ्या त्या विद्यार्थ्याची आई एकदां मला म्हणाली, "गुरुजी, पान त्यांचंच, जर्दा त्यांचाच. पान फाटकं निघालं, जर्द्यात भुगा निघाला, तर विडी सैल व्हायचीच. मग छाट माझ्या नांवावर कां?" तिच्या या बोलण्यांत मीं आतां सांगितलेलें सगळें शास्त्र आहे. दोष कोणत्या टप्प्यावर शिरला हें मोजल्यावांचून तो शेवटच्या हातावर लादूं नये, एवढेंच ती म्हणत होती. विडी कामगारांसाठीं १९६६ सालीं कायदा झाला, आणि त्याखालील नियमांनीं छाट काढण्यास शेंकडेवारीची मर्यादा घातली, ती याच गाऱ्हाण्यामुळें. मर्यादा घालणें चांगलेंच. पण देतांना जर्दा चाळून त्यांतील भुग्याचें वजन दोघांच्या समक्ष केलें, तर तंट्याचें कारणच पुष्कळसें उरणार नाहीं. चाळणी आणि तराजू यांस फारसा खर्च येत नाहीं.

शेवटीं एक इशारा. मापानें वस्तु ठरल्याप्रमाणें झाली कीं नाहीं एवढेंच कळतें. ती मुळांत चांगली कीं वाईट हें कळत नाहीं. तंतु कितीहि नेमक्या लांबीचा असला तरी त्याचा धूर विषारीच. १९५० सालीं इंग्लंडांत रिचर्ड डॉल व ब्रॅडफर्ड हिल यांनीं धूम्रपान आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखविला, तोहि मोजूनच. रोग्यांच्या संवयी विचारून आणि तो रोग नसलेल्या दुसऱ्या रोग्यांच्या संवयींशीं ताडून. आपल्या देशांत २००३ सालीं तंबाखूविषयींचा कायदा झाला, आणि २०१६ पासून पुडक्याचा शेंकडा ८५ भाग इशाऱ्यानें व्यापूं लागला. ज्या मोजणीनें सिगारेट बिनचूक केली, त्याच मोजणीच्या विद्येनें तिचा घातकपणाहि सिद्ध केला.

तो मुलगा आतां मोठा झाला आहे. परवां भेटला तेव्हां मीं त्यास म्हटलें, "तुझ्या प्रश्नाचें उत्तर सांपडलें बरें का! ढिगाला एक लांबी नसते. लांब किती, मध्यम किती, आंखूड किती, असें प्रमाण असतें, आणि तें चाळणीनें सांगतां येतें." तो हंसला व म्हणाला, "गुरुजी, हें आईला सांगावयास हवें होतें." त्याची आई आतां हयात नाहीं. म्हणून तें मीं आज आपणांस सांगितलें. आपल्या घरीं, दुकानीं वा कचेरींत कोणाच्या कामाची छाट काढावयाची वेळ आली, तर आधीं चाळणी मागवावी, एवढीच विनंति.